"बैल कुठाय?" : सांगलीत बसून स्कुबाचा हार्नेस आणि बीसीडी निवडताना

पार्सल आलं तेव्हा मी घरी नव्हतो, आईनंच खोकं फोडलं आणि एकेक वस्तू काढून सतरंजीवर मांडली, दोन इंची जाड पट्टे, स्टीलच्या कड्या, बकल, पोलादाचा एक वाकवलेला पत्रा, आणि मी दारात आल्याबरोबर विचारलं, "हे सगळं ठीकाय रे, पण बैल कुठाय?" तिचं काही चुकलं नव्हतं. हार्नेस म्हणजे जुंपायचंच सामान, फक्त यात जुंपून घ्यायचं आपण आणि मागं गाडीऐवजी सिलिंडर. आणि बैलाच्या मानेवर जू नीट बसलं नाही तर काय होतं हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको.

आता हे लिहितोय ते सांगली-मिरज, तासगाव, विटा, पलीकडं कराड-साताऱ्याच्या अशा लोकांसाठी जे एकदा मालवण-तारकर्लीला पाण्याखाली जाऊन आलेत आणि परतीच्या गाडीतच मोबाईलवर किट बघायला लागलेत. मीपण त्यातलाच. पण तिथं पहिल्यांदा जे होतं ना त्यात आपण काहीच करत नसतो, मांजरीनं पिल्लू उचलून न्यावं तसा इन्स्ट्रक्टर आपल्याला मागनं धरून फिरवतो, हवा भरायचं-सोडायचं बटण त्याच्या हातात, आपण फक्त मासे बघायचे आणि चुकून अंगठा वर करायचा नाही, कारण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "भारी" नव्हे, "वर चला".

पहिलं काम : काही विकत घ्यायचं नाही

मजा करत नाही. आधी ओपन वॉटरचा (म्हणजे स्कुबाचा पहिला, पायाचा) कोर्स करा, तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, गोव्यात, मुरुडेश्वरजवळ नेत्राणीला, अंदमानात कोर्स होतात, जिथं जमेल तिथं. कोर्समध्ये बीसीडी (बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस, अंगावर घालायची हवेची पिशवी) तेच देतात, नंतरच्या डाइव्हलाही बहुतेक ठिकाणी भाडं पैशातच धरलेलं असतं. तर पहिले आठ-दहा डाइव्ह त्यांचंच सामान वापरा आणि दर वेळी वर आल्यावर ओल्या हातानं का होईना मोबाईलमध्ये चार गोष्टी लिहून ठेवा : कुठला साइज घातला, किती किलो शिसं लावलं (बुडायला अंगावर बांधतात ते वजन), काय टोचलं, आणि सिलिंडर पाठीवर हलत होता का. ही यादी दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा जास्त कामाची. मी लिहिलं नव्हतं, म्हणून माझा पहिला बीसीडी एक साइज मोठा आला, तो कसा फसला ते पुढं सांगतो.

डबा कुठं बांधायचा

बीसीडी म्हणजे काय तर हवेची एक पिशवी, ती सिलिंडरला जोडलेल्या पाईपनं भरायची, व्हॉल्वनं सोडायची, म्हणजे आपण ना बुडतो ना वर तरंगतो, मधे लटकून राहतो. ज्यानं विहिरीत पोहायला शिकलंय त्याला हे वेगळं शिकवायला लागत नाही. आजोबांच्या वेळी वाळका भोपळा, आमच्या वेळी तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन, सुतळीनं पाठीला. कॅन पाठीवर असला की पालथं पडून हात मारायला झकास, पण दम खायला उभं राहायला गेलं की तो मागनं ढकलतो आणि तोंड पाण्यात. पोटाला बांधला तर उताणं करतो. सगळ्या बीसीडींमधला फरक हा एवढाच आहे, डबा कुठं बांधलाय.

जॅकेटमध्ये हवा पाठीला, कुशीला, थोडी पोटाकडं अशी सगळीकडनं असते. पाण्यावर उभं राहायला सोयीचं, नवशिक्याला धीर येतो, भाड्यानं मिळतं ते बहुतेक हेच. पण भरलं की बरगड्या आवळतात आणि पाण्याखाली हवा इकडून तिकडं सरकते.

दुसरा प्रकार म्हणजे पाठीमागं हवा असलेला, पुढनं मऊ पट्ट्यांचा बीसीडी. मधला मार्ग, मला विचाराल तर बऱ्याच जणांना हाच पुरतो.

तिसरा म्हणजे बॅकप्लेट आणि विंग, आईनं सतरंजीवर मांडला तो. धातूची पाटी, तिच्यातनं ओवलेला एकच अखंड पट्टा, आणि पाटी नि सिलिंडरच्या मधे घोड्याच्या नालासारखी किंवा गोल कड्यासारखी हवेची पिशवी, तीच विंग. ही पद्धत अमेरिकेत फ्लोरिडाच्या गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांकडनं आली, विल्यम होगार्थ मेन नावाच्या गुहा-डायव्हरच्या नावानं या साध्या हार्नेसला अजून होगार्थियन म्हणतात. गुहेत प्लास्टिकचं बकल तुटलं तर दुरुस्तीला कुणी येत नाही, म्हणून त्यांनी तुटण्यासारखं काही ठेवलंच नाही. पाण्याखाली आडवं राहायला यासारखं दुसरं नाही. पण वर आल्यावर पाठीवरच्या कॅनसारखं पुढं ढकलतं, त्यावर उपाय हाच की विंग गच्च भरायची नाही, तोंड वर राहील एवढीच भरायची आणि आरामखुर्चीत बसल्यासारखं मागं रेलायचं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हापासून आपल्याकडं नदीकाठच्या प्रत्येकाला नारिंगी लाइफ जॅकेट माहितीय, आणि बीसीडी बघून लोक म्हणतात हे त्याचंच महागडं भावंड. नाही. लाइफ जॅकेट माणसाचं तोंड पाण्याच्या वर ठेवायला बनवलेलं असतं, बीसीडी तशी कसलीही हमी देत नाही, विंग तर बेशुद्ध माणसाला पालथंच ठेवेल. पुराच्या पाण्यात बीसीडी घालून उतरायचा शहाणपणा करू नका.

शिशाचा हिशोब, म्हणजे खरा विषय

लोक विचारतात किती लिफ्टची, म्हणजे किती किलो उचलणारी, विंग घेऊ, दुकानदार म्हणतो मोठी घ्या, सेफ्टीला बरी. इथंच फसायला होतं.

कागद घ्या. मालवणसारख्या कोमट पाण्यात ३ मिलिमीटरचा वेटसूट (बुडबुडे असलेल्या रबराचा अंगाबरोबर सूट), त्याची उचल समजा सव्वादोन किलो. खोल गेलं की वेटसूटमधले बुडबुडे दबतात आणि ही उचल कमी होत जाते, सगळीच गेली असं धरू. आपल्याकडं सगळीकडं दिसतो तो ॲल्युमिनियमचा ८० क्युबिक फुटी सिलिंडर, त्यातल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या थोडं वर भरतं. (हवेला वजन असतं हे मला पटत नव्हतं, पण साधारण २२०० लिटर हवा कोंबलेली असते, लिटरला सव्वा ग्रॅम धरा नि गुणाकार करा.) म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीला, सगळ्यात खोल जागी, पिशवीनं सावरायचं ओझं झालं पाच किलोच्या आसपास. त्यावर वरच्या लाटांसाठी आणि मित्राला मदत लागली तर म्हणून दुप्पट धरा, तरी १० ते १४ किलो लिफ्टची विंग एका सिलिंडरला पुरून उरते. दोन सिलिंडर, जाड सूट, गार पाणी असेल तर १८ नि त्याच्या वर जायचं. एका सिलिंडरवर २५ किलोची विंग लावली तर ती रिकामी असताना चपातीच्या गुंडाळीसारखी सिलिंडरला दोन्ही बाजूंनी वेढते, त्या घडीत हवा अडकते, नि व्हॉल्व ओढला तरी ती हवा बाहेर येत नाही.

पण लिफ्टपेक्षा मोठी भानगड शिशाची. माझ्या एका सुरुवातीच्या डाइव्हला, कुठं ते जाऊ दे, मला १० किलो शिसं बांधलं होतं, "नवीन आहे, वर येईल" म्हणून. खाली गेलो तो दगडासारखा, मग तोल सावरायला बीसीडीत भसाभस हवा भरली, जराशी उंची बदलली की तीच हवा फुगायला लागली. का फुगते ते बघा, १० मीटरवर दाब २ बार (बार हे दाबाचं माप), ५ मीटरवर दीड. गरजेपेक्षा ४ किलो जास्त शिसं असेल तर ते उचलायला ४ लिटर जादा हवा लागते, आणि तेच ४ लिटर १० वरनं ५ मीटरला येईपर्यंत सव्वापाच लिटरच्या वर जातात. म्हणजे सव्वा किलोची फुकटची उचल, तीही नेमकी वर ओढणारी. तो सगळा डाइव्ह मी लिफ्टसारखा वर-खाली केला आणि कोरलच्या वाटेला गेलो नाही हे कोरलचं नशीब. नंतर नीट मोजलं तर माझं काम साडेपाच किलोत भागत होतं.

मोजायचं असं. पाण्यात, सगळं सामान घालून, तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाला देतो तो), बीसीडी पूर्ण रिकामा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरायचा (ही तपासणी पाण्याच्या वरच, खाली श्वास कधी धरायचा नाही), पाणी डोळ्यांच्या रेषेवर आलं पाहिजे, श्वास सोडला की हळूहळू बुडलं पाहिजे. हे भरलेल्या सिलिंडरनं केलं असेल तर वर दोनेक किलो वाढवा, कारण ती हवा तुम्ही पिऊन टाकणार. ॲल्युमिनियमचा सिलिंडर भरलेला असताना जरासा बुडतो आणि रिकामा झाला की जवळपास पावणेदोन किलोनं तरंगायला लागतो, शेवटी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं तेव्हा हा नेमका वर ओढतो. बरोबर वजनाची खरी परीक्षा तिथंच, सिलिंडरमध्ये ५० बार उरलेत, बीसीडी जवळपास रिकामा, आणि तुम्ही ५ मीटरवर निवांत.

आता यात पाटी कुठं बसते बघा. स्टीलची बॅकप्लेट साधारण पावणेतीन किलो, पाण्यात तिचं सव्वादोन किलोच्या वर वजन भरतं. तेवढं शिसं कमरेवरनं कमी होतं आणि ते वजन बरोबर फुफ्फुसांच्या मागं बसतं. वजन पाठीवर कुठं बसलं की माणूस दमत नाही हे आपल्या हळदीच्या पेठेतल्या हमालाला विचारा, तो पोतं कमरेवर घेत नाही, वर घेतो. उलट गादीवाल्या जॅकेटचा फोम स्वतःच तरंगतो आणि तो बुडवायलाच एखाद किलो शिसं वाढतं. विमानानं अंदमानला जायचं असेल तर मात्र १५ किलोच्या सामानात स्टील परवडत नाही, तिथं किलोभराची ॲल्युमिनियमची पाटी बरी.

एक राहिलं. पाटीच्या नादात सगळंच वजन सोडवता न येणारं करून ठेवू नका. थोडं शिसं पट्ट्यावर किंवा खिशात असं पाहिजे की अडचणीत एका हातानं सोडता येईल.

अंगावर बसवणं

घरी टी-शर्टवर मापं घेऊ नका, वेटसूट घाला, उन्हाळ्यात सांगलीत वेटसूट घालून हॉलमध्ये उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे पण करा. जॅकेट असेल तर पूर्ण भरून बघा, भरल्यावर खोल श्वास घेता आला पाहिजे. मग रिकामं करून खांद्याला धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा, ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे. माझं सरकलं होतं. पाण्यात वर आल्यावर मी खाली आणि जॅकेट वर, हनुवटी कॉलरमध्ये, बारशातल्या कुंचीतल्या पोरासारखा.

अखंड पट्ट्याच्या हार्नेसला मापाची भानगड नाही, पण बसवायला एक संध्याकाळ जाते. पाटीची वरची कड मानेच्या मुळाच्या थोडी खाली, हात मागं नेऊन बोटं त्या कडेला टेकली पाहिजेत. खांद्याच्या पट्ट्याखालनं तळहात आडवा सहज गेला पाहिजे, नवीन माणूस हे पट्टे हमखास जास्त आवळतो आणि मग काढताना होडीत कोपर अडकून बसतो. कमरेचा पट्टा घट्ट, बरगडीवर नाही, पोटावर नाही, हाडाच्या वर. बकल मधोमध न ठेवता किंचित उजवीकडं आणि उजव्या हातानं उघडणारं. मांड्यांमधनं येणारा क्रॉच पट्टा लोकांना लाजवतो, काढून टाकतात, पण विंग डोक्याकडं सरकू न देणारा तोच आहे, तो असा ठेवा की वाकल्यावर ओढ लागणार नाही. डी-रिंग, म्हणजे सामान अडकवायच्या कड्या, छातीवर अशा उंचीवर की उलट्या हाताचा अंगठा न बघता त्यात जाईल.

पट्टा लांब उरतो, तो लगेच कापू नका, दोन-तीन डाइव्ह होऊ देत, मग कापा आणि टोक मेणबत्तीवर धरून वितळवून घ्या नाहीतर धागे सुटतात. सुट्टी टोकं आणि पाईप दाबून ठेवायला कंपनीचे रबर मिळतात, मी गणपती पेठेत सायकलवाल्याकडनं फुटकी ट्यूब आणली आणि बोटभर रुंदीच्या चकत्या कापल्या, तो पैसे घेईना. पण एवढाच जुगाड चालतो बरं का. टेम्पोचा माल आवळायचा पट्टा किंवा गाडीचा सीटबेल्ट ओवून हार्नेस करायला जाऊ नका, तो पट्टा मऊ असतो, बकलमधनं सरकतो.

सिलिंडरचा पट्टा

याकडं कुणी बघत नाही आणि सिलिंडर मात्र इथनंच सुटतो. कॅम बँड, म्हणजे सिलिंडरभोवतीचा पट्टा, नायलॉनचा असेल तर ओला झाल्यावर सैलावतो. कोरडा आवळला, पाण्यात उडी मारली, पाच मिनिटांत सिलिंडर खाली घसरला, हे मी दोनदा बघितलंय. म्हणून पट्टा आधी बादलीत बुडवा आणि मग आवळा. बकलमध्ये पट्टा ओवायची एक ठराविक पद्धत असते, पहिल्यांदा ती कुणालाच जमत नाही, नीट ओवलेला असतानाच फोटो काढून ठेवा. आवळल्यावर बीसीडीची मूठ धरून सगळं उचला आणि हिसका द्या, सिलिंडर बोटभरही सरकला तर परत उघडा. विंगला दोन पट्टे असले तर बरं, एक असला तरी चालतं पण मग तो चांगला पाहिजे.

सेकंड हँड घेताय?

घ्या, पाटी नि पट्टे जुने घ्यायला काहीच हरकत नाही, स्टीलला काय होतंय. पण पिशवी आणि इन्फ्लेटर (हवा भरायच्या-सोडायच्या बटणांचा भाग) तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एका ऑनलाइन जाहिरातीवरनं जॅकेट घेतलं, फोटोत नवं कोरं. तोंडानं गच्च भरून रात्री कपाटाला टांगलं. सकाळी किंचित मऊ झालं तर ठीक, रात्रीच्या गारव्यानं हवा आकसते, पण हे पापडासारखं चपटं. मळ्यातल्या हौदात बुडवलं तर मागच्या व्हॉल्वमधनं बुडबुड्यांची माळ. व्हॉल्व उघडला तर रबराच्या चकतीखाली मिठाचे खडे, साखरेएवढे. कोमट पाण्यानं धुतलं, ते थांबलं. पण इन्फ्लेटरचं बटण दाबलं की आत अडकून राहायचं, परत यायला एक सेकंद, कधी दोन. हे पाण्याखाली झालं तर बीसीडी आपोआप भरत जातो आणि तुम्ही फुग्यासारखे वर. शेवटी इन्फ्लेटर नवीन घालावा लागला आणि स्वस्ताईचं गणित तिथंच संपलं.

म्हणून नवीन असो वा जुना, सराव हा करा : इन्फ्लेटरला येणारा पाईप डोळे मिटून, एका हातानं, जोडणीची कॉलर मागं ओढून काढायचा, आणि दुसऱ्या हातानं हवा सोडायची. स्वयंपाकघरात उभं राहून पन्नास वेळा. कंपनी स्कुबाप्रो असू दे, क्रेसी असू दे, मारेस असू दे, बघायचं एवढंच की तिचे व्हॉल्व नि वॉशर इथं मागवले तर मिळतात का.

आणि हो, पिशवी तपासायला पंक्चरच्या दुकानात नेऊ नका. माझ्या मित्रानं नेली होती, शिवण गेली. सिलिंडर तर तिथं चुकूनही नेऊ नका, श्वासाची हवा भरणारा कॉम्प्रेसर वेगळा असतो, साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाची वाफ नि कार्बन मोनॉक्साईड येऊ शकतो आणि खोलवर तोच जीव घेतो.

तलावात करून बघणं

जलतरण तलावात परवानगी आणि सोबतीला शिकलेला माणूस असेल तर एकदा सगळं घालून बघा. विहीर नको, कृष्णा तर नकोच, मगरींचं सोडा, पाण्यात हात दिसत नाही. फक्त तलावातलं शिशाचं माप समुद्राला लावू नका. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड, तुम्ही आणि सामान मिळून १०० किलो असाल तर तिथं अडीच किलो शिसं जास्त लागणार. वेटसूट मात्र दोन्हीकडं तोच घाला, नाहीतर सगळा हिशोब वाया.

परत येताना

सकाळी डाइव्ह, दुपारी जेवण, संध्याकाळी आंबोलीवरनं सांगली, असा बेत आपले लोक करतात. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, आणि डायव्हिंगनंतर विमानात बसायचे जे नियम आहेत ते ६०० मीटरपासूनच लागू होतात, एका डाइव्हनंतर १२ तास, जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस केले असतील तर १८ तास. तेव्हा रात्र मालवणात काढा, तोवर सामानही निथळतं.

घरी आल्यावर गोडं पाणी. बाहेरनं धुणं पुरत नाही, इन्फ्लेटरच्या तोंडातनं दोन-तीन तांबे पाणी आत ओता, थोडी हवा फुंका, घुसळा, मग उलटा धरून त्याच पाईपनं काढा, चव बघा, खारट लागली तर परत. अर्धवट फुगवून सावलीत टांगा. कपडे वाळत घालायच्या तारेवर नको, ओला हार्नेस आणि स्टीलची पाटी मिळून तिला पेलत नाही. आमची तुटली, आईच्या धुतलेल्या साड्यांसकट.